पान नाही म्हणा, पण 404 म्हणूनच

प्रश्न : दादरच्या आमच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट नव्याने केली. जुन्या लिंकवर इंग्रजीत नुसतं ‘404 नॉट फाउंड’ (पान सापडलं नाही) येतं. तिथे मराठी पान कसं लावू? सर्व्हर अपाचे आहे, वर्डप्रेस नाही.

उत्तर : आधी जुन्या लिंकांची यादी काढा. जी साडी नव्या पत्त्यावर आहे, तिथे 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्यावर वळवणं) लावा. गिऱ्हाईक थेट साडीपाशी पोचलं पाहिजे. उरलेल्यांसाठीच हे पान. सगळ्यांना होमपेजवर ढकलू नका, माणूस तिथे गोंधळतो.

404.एचटीएमएल ही फाइल मुख्य फोल्डरमध्ये ठेवा. तिथेच डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ही अपाचेला सूचना देणारी फाइल असते. नावाआधी टिंब असल्याने ती दिसत नाही. फाइल मॅनेजरमध्ये ‘हिडन फाइल्स’ चालू करा. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एकच ओळ लिहा : एररडॉक्युमेंट, स्पेस, 404, स्पेस, /404.एचटीएमएल.

पत्ता तिरक्या रेघेपासूनच सुरू करा. एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता दिलात, तर अपाचे ब्राउझरला त्या पानाकडे रीडायरेक्ट करतो आणि शेवटी 404 ऐवजी 200 (म्हणजे ‘पान सापडलं’) मिळतो. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, पण गूगलला वाटतं पान शाबूत आहे. ही चूक फार जणांकडून होते.

दुसरी अडचण डिझाइनची. /पैठणी/जुनी/ अशा लिंकवर पान उघडलं की रंग, लोगो गायब होतात, कारण ब्राउझर सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल) त्याच फोल्डरात शोधतो. म्हणून सीएसएस आणि चित्रांचे पत्तेही तिरक्या रेघेने सुरू करा. पानाच्या कोडमधल्या हेड भागात यूटीएफ-8 (अक्षरं साठवण्याची पद्धत) लिहा, नाहीतर मराठीच्या जागी अगम्य चिन्हं येऊ शकतात. पानावर शोधाची चौकट आणि दुकानाचा फोन नंबर हवाच.

शेवटी मुद्दाम चुकीचा पत्ता टाका, एफ12 दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि पान रीलोड करा. पहिल्या ओळीत 404 दिसलं पाहिजे.

प्रश्न : एनजिनएक्स या सर्व्हरच्या मागे आमचं अ‍ॅप चालतं. त्यात एरर_पेज ही सूचना लिहूनही अ‍ॅपचाच 500 चा (सर्व्हरमधल्या बिघाडाचा) मजकूर दिसतो. असं का? (मुलुंड)

उत्तर : अ‍ॅपने दिलेलं उत्तर एनजिनएक्स आहे तसं पुढे पाठवतो. प्रॉक्सी_इंटरसेप्ट_एरर्स हे सेटिंग मुळात ‘ऑफ’ असतं, ते ‘ऑन’ करा. पण एपीआयच्या (प्रोग्रॅमना माहिती पुरवणाऱ्या पत्त्यांच्या) लोकेशनमध्ये नको, नाहीतर मोबाइल अ‍ॅपला जेसन या माहितीच्या स्वरूपाऐवजी एचटीएमएल पान मिळेल. 500 चं पान डेटाबेसवर अवलंबून ठेवू नका. तोच बंद पडला असेल, तर पानही उघडणार नाही.