भांडारातली तूट जाते कुठे?

प्रश्न : आमचं सभासदांनी मिळून चालवलेलं धान्य-भाजीपाल्याचं सहकारी भांडार आहे. शे-दीडशे कुटुंबं सभासद आहेत. एक व्यवस्थापक पगारी आहे, बाकीची कामं सभासद पाळीपाळीने करतात. गेल्या काही तिमाह्या साठा मोजला की पुस्तकापेक्षा कमीच भरतो. पाळीवर येणाऱ्यांपैकीच कुणीतरी माल नेतं, अशी कुजबुज कार्यकारिणीत सुरू झाली आहे. पुढच्या बैठकीत कॅमेरे बसवण्याचा ठराव येणार आहे. ज्यांच्यावर संशय आहे, त्यांच्यासोबत मी रोज काम करते. मी काय भूमिका घ्यावी?
— एक सचिव

उत्तर : ठराव एका तिमाहीपुरता पुढे ढकलण्याची सूचना तुम्हीच मांडा, आणि तेवढ्या काळात तूट कोणत्या फळीवर पडते ते शोधा. मी अनेक वर्षं अशाच एका भांडाराचं रोजचं काम सांभाळलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुटीची जागा कळली की कारणही बहुतेक वेळा कळतं.

पुस्तकी साठा म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक आवक, वजा विक्री, वजा नोंदवलेली घट. यातला एक जरी आकडा चुकला, तरी प्रत्यक्षात काहीही चोरीला न जाता कागदावर तूट दिसते. म्हणून सुरुवात मागच्या दारापासून करा, जिथे माल उतरतो. चलनावर दहा क्रेट लिहिलेत म्हणून दहा क्रेटची सही दिली जाते का? क्रेट रिकामा असताना त्याचं वजन किती, ते वजा होतं का? फाटलेलं पोतं, नासका थर, कमी भरलेलं वजन हे सगळं गाडी उभी असतानाच चलनावर लिहून चालकाची सही घ्यायची असते. गाडी गेली की ते नुकसान भांडाराचं. हे काम पाळीवर त्या दिवशी जो मोकळा असेल त्याच्यावर सोपवू नका. आवक घेणारी दोन-तीनच माणसं ठरवा, त्यांना शिकवा, आणि मालाच्या वेळी त्यांच्यापैकी एक हजर असेलच असं पाळीपत्रक बांधा. शीतपदार्थ असतील तर तापमानही तिथेच बघायचं : थंड माल ५ अंश सेल्सिअसच्या आत, गोठवलेला उणे १८ च्या आसपास. हे आकडे भांडार उघडताना आणि बंद करताना कपाटाच्या दारावरच्या तक्त्यात भरले पाहिजेत.

दुसरी जागा वजनकाटा. सुटं धान्य भरताना हात थोडा सैल सुटतो, आणि तो चांगल्या मनानेच सुटतो. पण ५० किलोच्या पोत्यातून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या १०० पुड्या बांधताना प्रत्येकीत १० ग्रॅम जास्त गेले, तर एक किलो गेलं. वरवर पाहता ही फक्त दोन टक्के घट आहे. पण तुम्ही १०० ला घेतलेली वस्तू १२५ ला विकत असाल, तर त्या पोत्यावर मिळणाऱ्या वाढाव्याचा दहावा भाग या एका किलोत संपला. भाडं, वीज आणि पगार याच वाढाव्यातून भागतात. पुड्या बांधणाऱ्यांसमोर हा हिशोब एकदा फळ्यावर मांडा. आणि काटा नियमितपणे प्रमाणित वजनाने तपासा.

तिसरी जागा फेकलेला माल, आणि मला सगळ्यांत जास्त आस्था याच नोंदीबद्दल आहे. पिवळी पडलेली पालेभाजी संध्याकाळी कचऱ्यात जाते, पण वहीत जात नाही. पाळीवरचा माणूस फुकट वेळ देतो, त्याच्याकडे आणखी लिखापढी कशी मागायची, असा संकोच सगळीकडे असतो. मला तो कधीच पटला नाही. जो आपला वेळ देतो, त्याच्यावर उद्या संशय येऊ नये म्हणूनच ही नोंद हवी. कचऱ्याच्या डब्याशेजारी काटा आणि दोरीने बांधलेली वही ठेवा. वस्तू, वजन, कारण, सही, एवढंच लिहायचं. महिनाभराच्या नोंदी वाचल्यावर खरेदीही सुधारते, कारण कोणत्या वाराला काय उरतं ते दिसतं. काही घट तर नुसती मांडणी बदलून थांबते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यामुळे त्यांच्या शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. त्यांना वेगळं ठेवा. नवा माल मागे, जुना पुढे, हा नियम तुम्हाला माहीत असणारच. तो पाळला जातो की नाही हे रोज संध्याकाळी कुणीतरी फळ्यांवरून फिरून बघावं लागतं.

आता मोजणी. तिमाहीला एकदाच सगळं मोजता, त्यामुळे चूक सापडते तेव्हा ती जुनी झालेली असते. रोज आठ-दहा वस्तू मोजा, आलटून पालटून. तूट सुट्या धान्यात असेल तर काटा बघा. भाजी-फळांत असेल तर घटवही बघा. एकाच पुरवठादाराच्या मालात असेल तर आवक बघा. लहान, महाग, बंद पाकिटातल्या वस्तूच सातत्याने कमी भरत असतील, आणि बाकी सगळं जुळत असेल, तर मात्र चोरीचा विचार करावा लागेल. तेव्हा कॅमेऱ्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे न्या, कारण दुकान सभासदांचं आहे.

‘नंतर लिहितो’ म्हणून माल नेणं आजपासून बंद करा, कार्यकारिणीसाठीसुद्धा. १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या २८ सभासदांनी दुकान उघडलं, तेव्हा रोखीनेच विक्री हा त्यांचा नियम होता. त्यांच्याआधीची काही सहकारी दुकानं उधारीपायी बुडाली होती.

प्रश्न : मी आठवड्यातून एकदा पाळी करतो. कार्यकारिणीचे सदस्य खरेदीला येतात आणि जाता जाता प्रत्येक जण वेगळी सूचना देतो. ऐकायचं कुणाचं?
— एक सभासद

उत्तर : पाळीप्रमुखाचं. दर पाळीला एक नाव ठरलेलं हवं, आणि ते नाव गल्ल्याजवळ लिहिलेलं हवं. कार्यकारिणीने धोरण ठरवावं : कोणता माल ठेवायचा, किती टक्के चढवायचे, कामाचे तास किती. क्रेट कुठे ठेवायचा हे व्यवस्थापकाने पाळीप्रमुखाला सांगायचं. भांडारात आलेला कार्यकारिणी सदस्य त्या वेळी फक्त गिऱ्हाईक असतो. त्याची सूचना तुम्ही नम्रपणे वहीत लिहून घ्या, खाली त्याचं नाव लिहा, आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा.