वाचकांचे प्रश्न : लग्नाचे रॉ फोटो आणि सॉफ्टवेअरची पारख

प्रश्न : लग्नाच्या ऑर्डरी घेतो. एका लग्नाचे साडेतीन-चार हजार रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) फोटो होतात. सध्या फोटो निवडायला आणि रंग सुधारायला लाइटरूम क्लासिक वापरतो, त्याचं भाडं भरतोय. कॅप्चर वन किंवा फुकटातलं डार्कटेबल घ्यावं का? पारखायचं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाहिरातीतले फोटो पाहून ठरवू नका. तुमच्याच एखाद्या लग्नातले ५०० रॉ फोटो वेगळे काढा आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला तेच द्या. त्यात हळदीचे, अंतरपाटाजवळचे, स्टेजच्या लाल-जांभळ्या एलईडीतले आणि रात्रीच्या वरातीतले आयएसओ ६४०० चे फोटो हवेतच.

खरी परीक्षा हळद आणि एलईडी घेतात. हळदीत गालावरचा पिवळा खराच असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय) त्यालाच दोष समजला, तर मागची पांढरी भिंत निळी पडते. म्हणून व्हाइट बॅलन्स भिंतीवरून घ्या आणि त्वचेला वेगळा मास्क (फक्त तेवढाच भाग बदलू देणारी निवड) लावून पाहा. हा मास्क केसांच्या कडेला आणि मुंडावळ्यांपाशी किती नीट बसतो, ते १०० टक्के झूम करून तपासा. एलईडीत चेहरा सपाट लाल दिसला म्हणून लगेच हात टेकू नका. रॉमध्ये तपशील बरेचदा शिल्लक असतो, रंग कसे दाखवायचे ते ठरवणारं प्रोफाइल तो दाबतं. लाइटरूममध्ये अडोबी कलरऐवजी अडोबी न्यूट्रल लावलं की गालाचा उठाव पुष्कळदा परत येतो.

फोटो निवडताना वेळ जातो, एवढ्यासाठी सॉफ्टवेअर बदलणार असाल तर थांबा. फोटो निवडायचं फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर वेगवान वाटतं, कारण कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्येच ठेवलेला जेपेग ते दाखवतं. (रंगांचं काम मात्र त्यात होत नाही.) लाइटरूममध्येही इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूसाठी तोच जेपेग वापरणारा ‘एम्बेडेड अँड साइडकार’ पर्याय निवडता येतो. आधी ते करून बघा.

आता एका सॉफ्टवेअरमधून बाहेर पडून दुसऱ्यात जाण्याचा प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत. वीस फोटोंना स्टार, कीवर्ड आणि रंगांचे बदल द्या, कंट्रोल-एस दाबा. रॉशेजारी या बदलांची नोंद ठेवणारी छोटी एक्सएमपी फाइल तयार होईल. तोच फोल्डर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. स्टार आणि कीवर्ड साधारणपणे येतात, रंगकाम जसंच्या तसं येत नाही. लाइटरूमच्या व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या नोंदी) तर एक्सएमपीत उतरतच नाहीत, आणि पिक-रिजेक्टचे (ठेवायचा की नाकारायचा, हे सांगणारे) झेंडे दुसरीकडे दिसतीलच असं नाही, म्हणून निवड झेंड्यांऐवजी स्टारने करायची सवय बरी. अॅपलने २०१४ मध्ये अॅपर्चर हे आपलं फोटोंचं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यावर विसंबलेल्यांना हाच हिशेब चुकता करावा लागला.

भाडं थांबवलं तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो एक्स्पोर्टही होतात, पण रंग-उजेड सुधारायचा डेव्हलप विभाग बंद होतो. जुन्या गिऱ्हाइकाने अल्बमसाठी पुन्हा दुरुस्ती मागितली की अडचण तिथे येते. सध्याच्या कामाला वेग आणि रंग पुरत असतील, तर लाइटरूम सोडायचं कारण मला दिसत नाही.

प्रश्न : डिस्क भरली म्हणून एक्सप्लोररमधून फोल्डर दुसरीकडे हलवला. आता लाइटरूममध्ये प्रत्येक फोटोवर उद्गारचिन्ह आहे. एडिट गेलं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गेलेलं नाही. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, त्यांचा पत्ता आणि तुम्ही केलेले बदल असतात. डावीकडच्या यादीत प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा, नवी जागा दाखवा. फोटो पुन्हा इम्पोर्ट मात्र करू नका : एक्सएमपी लिहिलेली नसेल तर नवी नोंद कोरी येते आणि एडिट जुन्या नोंदीपाशीच अडकतं. पुढच्या वेळी फोल्डर लाइटरूमच्या आतूनच ओढून हलवा. आणि कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये फोटो येत नाहीत. शिवाय तो आपणहून कॅटलॉगशेजारीच, म्हणजे त्याच डिस्कवर साठतो. जागा बदलून घ्या.

प्रश्न : स्टुडिओत दोन संगणक आहेत. कॅटलॉग नेटवर्क ड्राइव्हवर ठेवला तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लाइटरूम क्लासिक तो तिथून उघडणार नाही. फोटो नेटवर्कवर चालतात, कॅटलॉग नाही. तो बाहेरच्या एसएसडीवर ठेवा आणि एका वेळी एकानेच वापरा. दोघांना वेगवेगळी लग्नं हाताळायची असतील, तर कॅप्चर वनची सेशन पद्धत सोयीची : कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट, ट्रॅश असे फोल्डर एकाच ठिकाणी राहतात, आणि कॅप्चर फोल्डरमधल्या फोटोंवरचे बदलही त्यांच्याशेजारीच साठतात. लग्नाचा अख्खा फोल्डर उचलला की काम दुसऱ्या टेबलावर जातं.