रंग उतरला तरी ते पाणी मळ्याला देऊ नका

प्रश्न (रायगड जिल्ह्यातील एक शेतकरी): आमची वायंगणी (पावसाळ्यानंतरची) भाजी पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्यावर होते. वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने आहेत. पाणी कधी लाल येते, कधी निळे. पिंपात भाताच्या तुसाचा कोळसा भरून गाळले की रंग बराच उतरतो. हे पाणी भाजीला चालेल का? ब्लीचिंग पावडर टाकली तर?

उत्तर: नाही, चालणार नाही. तुमची खटपट वाया गेली असे मात्र समजू नका. तूस किंवा करवंटी कमी हवेत जाळून केलेल्या कोळशाला बारीक छिद्रे असतात आणि त्यांत रंग चिकटतो. कारखान्यांतही सक्रिय कोळसा याच कामाला वापरतात. (चुलीतली पांढरी राख म्हणजे कोळसा नव्हे. तिने पाणी उलट जास्त अल्कधर्मी होते.)

अडचण मिठाची आहे. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध करणारा रंग) बसावा म्हणून रंगाच्या हौदात भरपूर मीठ आणि सोडा घालतात. धाग्याला न लागलेला रंग आणि जवळजवळ सगळे मीठ सांडपाण्यात येते. कोळसा मीठ धरत नाही. श्रावणघेवडा, मुळा, मिरची ही पिके मिठाला लवकर दबतात. आधी पानांच्या कडा करपतात, मग वाढ खुंटते.

ब्लीचिंग पावडर अजिबात नको. रंग दिसेनासा होतो, पण क्लोरीनमुळे नवी घातक संयुगे तयार होऊ शकतात. अझो रंग (कापडाच्या कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) हवेविना जिवाणूंनी तोडले तरी रंगहीन अ‍ॅरोमॅटिक अमाईन नावाची रसायने उरतात, त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. म्हणून कारखान्यात पुढे हवा देऊन दुसरी प्रक्रिया करावी लागते. तुरटी-चुन्याने साका बसवणे, ओझोन, मेंब्रेन (अतिबारीक छिद्रांचा गाळण-पडदा) हे सगळे कारखान्याच्या कुंपणाच्या आतच झाले पाहिजे. तो भार शेतकऱ्याने आपल्या पिंपावर घेऊ नये.

विहिरीचे पाणी तपासून घ्या. ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर मिठाचा त्रास सहसा होत नाही. ३ च्या वर असेल तर ते पाणी भाजीला नकोच. रंगीत पाण्याचा ईसी कमी आला तरी ते वापरू नका.

तक्रार लेखी करा, तारीख-वेळ टाका, फोटो जोडा. तुम्ही बाटलीत भरलेला नमुना तुमच्या माहितीपुरता. जल प्रदूषण कायदा, १९७४ नुसार पुराव्यासाठी नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने रीतसर घ्यावा लागतो, म्हणून रंग वाहत असतानाच त्यांना बोलवा.

ज्या खाचरात हे पाणी शिरले आहे तिथे पहिल्या पावसाचे पाणी बांध फोडून वाहू द्या. आपल्याकडच्या पावसाने मीठ बरेच धुऊन जाते. काही रंगांतले तांबे आणि क्रोमियम मात्र मातीत राहतात, तेव्हा माती परीक्षणाच्या अर्जात जड धातूंची तपासणी वेगळी मागा. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात पालेभाजी लावू नका आणि गुरांना पऱ्यावर पाणी पाजू नका.