निसर्गचित्रणाच्या तासाला मोबाईल

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात चित्रकला शिकवते. निसर्गचित्रणासाठी मुलांना तापीकाठी किंवा पाटणादेवीच्या परिसरात नेले, की बहुतेक जण पाच मिनिटांत फोटो काढतात आणि वसतिगृहात बसून त्यावरून चित्र रंगवतात. मोबाईल काढून घ्यावेत का?
— एक अध्यापिका

उत्तर : काढून घेऊ नका, तो खिशातून केव्हा बाहेर यावा, एवढे मात्र तुम्ही ठरवा. पहिले रेखाटन पुरे होईपर्यंत कॅमेरा उघडू देऊ नये, कारण चौकट पडद्यावर आयती मिळाली, की समोरचे काय घ्यायचे आणि काय सोडायचे हा चित्रकाराचा निर्णय फोनच घेऊन टाकतो. शिवाय फोनची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असल्याने जवळची बाभूळ अंगावर येते आणि मागचा सातपुडा बुटका होतो.

केळीच्या बागेत हे पडताळून पाहा. उन्हाकडे तोंड करून उभे राहिले, तर पान आरपार उजळून पोपटी दिसते, मधला दांडा गडद राहतो आणि बुंध्याजवळची सावली निळसर भासते. फोन मात्र सावली उजळवतो, ऊन दाबतो आणि सगळी हिरवाई एका पातळीवर आणतो. मुलांना त्या पानाचे चार टोन आधी जलरंगात लावायला सांगा, मग फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवा.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे रॉबर्ट गिल, ज्यांची कबर आपल्या भुसावळला आहे, पुढे कॅमेराही वापरत. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या. छायाचित्रे होती, पण कृष्णधवल. जळालेला रंग त्यांतून परत मिळणे शक्यच नव्हते.

रेखाटनानंतर मात्र फोनसारखी नोंदवही नाही. लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोत वेळ आणि जागा नोंदली जाते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच प्रहरी त्याच ठिकाणी बसता येते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल, तर सातपुड्यात रेंज नसतानाही जागा सापडते. हात रंगाने भरलेले असताना रंगांची नोंद आवाजात करून ठेवता येते. एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, म्हणून तो झोळीत, सावलीत असू द्यावा.

गुण देताना पूर्ण झालेल्या चित्रासोबत जागेवरचे रेखाटन, त्यावर लिहिलेल्या वेळेसह, मागून घ्या.