"मॅडम, एक उत्तर झालं की पुढे काय बोलायचं?"

मुलाखतीत बोलणं तुटतं, ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतेय. या महिन्यात चौघांनी तेच विचारलं, म्हणून लातूरकडून भोसरीला आलेल्या एका मुलाचा अनुभव सांगते. ओळख अर्थातच बदलली आहे.

आयटीआय टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारा. तीन नकार पदरी. वहीत चाळीस उत्तरं, सगळी पाठ.

"गेल्या वेळी समोर कोण होतं?" मी विचारलं.

"दोन साहेब."

"कसे होते?"

"बघितलंच नाही मॅडम. पुढचं उत्तर आठवत होतो."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या विचारांची. 'मला अस्खलित बोलता आलंच पाहिजे' यातला 'च' माणसाची जीभ बांधतो, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. त्याला पटलं, पण तो मोकळा होईना. चौथ्या भेटीत मी वही मिटायला लावली. "लेथवर काम कधी बिघडलं होतं का?"

"बिघडलं ना! शाफ्टवर लाटा उमटल्या. टूल फार बाहेर काढून बांधलं होतं, ते थरथरायचं. सरांनी आत घेऊन बांधायला लावलं." मग थांबून म्हणाला, "तुम्ही लेथ बघितलाय का?"

"नाही."

त्यानं कागद ओढला. चक, टूल पोस्ट असे लेथचे भाग रेखाटून दहा मिनिटं समजावत राहिला. मला एखादी गोष्ट कळली नाही, तर तो ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा आणि पुन्हा मागून सुरुवात करायचा.

"यातलं वहीत कितवं उत्तर?" मी विचारलं. तो नुसता वहीकडे बघत राहिला.

त्या दिवशी मलाही नवं काही गवसलं. समोरच्याला कळतंय ना, याची काळजी लागली की आपण कसे दिसतोय ही भीती मागे पडते आणि बोलण्याला ओघ येतो. तेव्हापासून मी कुणाला उत्तरं पाठ करू देत नाही. स्वतःच्या हातून घडलेले चार-पाच प्रसंग आठवून ठेवा: काय बिघडलं, तुम्ही काय केलंत. मिनिटभरात सांगा, समोरच्याला पुढचं विचारायला जागा ठेवा. प्रश्न कळला नाही तर "मशीनबद्दल विचारताय की मापाबद्दल?" असं विचारण्यात कमीपणा नाही. विचार करायला दोन क्षण लागले तर लागू द्या. "तुमच्याकडे हे काम कसं होतं?" हे मात्र खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारा.

चाकणच्या मुलाखतीनंतर त्याचा फोन आला. निकाल लागायचा होता.

"एक प्रश्न आला नाही मॅडम, तसं सांगितलं. मग साहेबांनीच समजावलं." आणि मी न विचारताच पुढे म्हणाला, "मोठे साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. दुसरे डावखुरे होते."