जर्मनीत इंटरनेट मोकळं आहे का? टोरंट चालतं का?

तुम्ही विचारलंय की मास्टर्सला जर्मनीत चाललोय, तिथे साइट्स ब्लॉक असतात का आणि व्हीपीएन (आपलं खरं कनेक्शन लपवून नेट वापरायची सेवा) घेऊन ठेवू का. मी आखेनला राहते, म्हणून सांगते.

रोजच्या वापरात काही अडलंय असं फारसं होत नाही. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपियन युनियनने आरटी आणि स्पुटनिक या रशियन सरकारी माध्यमांवर बंदी घातली ती आहे, पायरसीच्या काही साइट्स इंटरनेट कंपन्या अडवतात, बाकी मोकळं. इथल्या घटनेच्या कलम 5 मध्ये सेन्सॉरशिप होणार नाही असं स्पष्ट लिहिलंय आणि लोकही त्यासाठी भांडतात. 2009 ला उर्सुला फॉन डर लेयन इथे मंत्री होत्या, तेव्हा बालशोषणाच्या साइट्स ब्लॉक करायचा कायदा आला, हेतूबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, पण यादी पोलिसांनी करायची आणि ती गुप्त ठेवायची हे लोकांना पटलं नाही, 1 लाख 34 हजारांवर लोकांनी संसदेच्या ऑनलाइन याचिकेवर सह्या केल्या. नुसतं झाकू नका, ते सर्व्हरवरूनच काढून टाका, ही त्यांची मागणी होती आणि मला ती आजही शंभर टक्के पटते. कायदा पास झाला पण ब्लॉकिंग कधी सुरूच केलं नाही, 2011 मध्ये रद्द.

पण म्हणून काहीही लिहून चालतं असं नाही हां. नाझी चिन्हं टाकणं, होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणं, एवढंच काय कुणाला शिवीगाळ करणं हाही गुन्हा आहे. आपल्या स्वस्तिकावर कायद्याचा रोख नाही, तरी बघणाऱ्याला फरक कळेलच असं नाही, म्हणून दिवाळीला दारावर काढताना जरा विचार करा.

आता खरी भीती कशाची, तर टोरंटची. आपल्याकडे सवय असते, नवीन पिक्चर आला की लाव डाउनलोडला. इथे तसं अजिबात करू नका! टोरंटमध्ये तुम्ही घेता घेता पुढे वाटतही असता, तुमचा आयपी, म्हणजे तुमच्या नेट कनेक्शनचा नंबर, सगळ्यांना दिसतो, हक्क असलेल्या कंपनीचे लोक तो टिपून ठेवतात, मग कोर्टाच्या परवानगीने इंटरनेट कंपनीकडून नाव-पत्ता मिळवतात आणि पोस्टाने वकिलाची नोटीस घरी. माझ्या फ्लॅटमेटला आलेली मी बघितलीये, त्यात फाइलचं नाव, तारीख, अगदी सेकंदापर्यंत वेळ, शेकडो युरोंची मागणी, आणि पुन्हा करणार नाही म्हणून सही करायचा कागद जोडलेला. आणि नोटीस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला येते, त्यामुळे वायफाय तुमच्या नावावर असेल तर रूममेट्सना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

व्हीपीएन कायदेशीर आहे, घ्यायचं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर टोरंट लावू नका. आणि नोटीस आलीच तर घाबरून त्या कागदावर सही करू नका आणि फेकूनही देऊ नका, मुदत असते. बऱ्याच युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांच्या संघटनेकडून फुकट कायदेशीर सल्ला मिळतो, लगेच तिथे दाखवा.