खुंटीवरचा लायटर

‘ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो. सीएसएमटीहून लोकलने घरी आला की अर्ध्या तासात कशावरून तरी भडकतो, मग खाली टपरीवर एक ओढून येतो आणि एकदम शांत. लायटर मीच दाराजवळ किल्ल्यांच्या खुंटीला अडकवून ठेवलाय, नाहीतर शोधताना आणखी चिडतो. गेल्या दिवाळीत सोडली होती. चौथ्या दिवशी माझे भाऊ-वहिनी जेवायला आले, हा भाजीवरून ओरडायला लागला, म्हणून म्हटलं, खाली जाऊन ये एकदा. परत सुरू झाली. त्याला रागावर ताबा ठेवायला कसं शिकवू?’
– एक वाचक, डोंबिवली

त्याच्या रागाबद्दल तू दोन पानं लिहिलीस (इथे थोडक्यात दिलंय) आणि लायटरबद्दल एक ओळ. मी त्या ओळीवरच अडकले.

अगं, लायटर खिशात राहतो. त्याला खुंटी कशाला लागते? तुझ्या घरात लागते, कारण तो भडकला की त्याला खाली पाठवायची सोय तुलाही हवी आहे. दहा मिनिटं घर शांत. मग माणूस बडीशेप चघळत वर येतो, पानं वाढली जातात, आणि ज्यावरून वाजलं ते तसंच राहतं. ते काय होतं, हे तुझ्या दोन पानांत एकदाही आलेलं नाही. भाजीचं सांगू नकोस मला.

आता त्याच्या शांत होण्याविषयी. झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. उतरायला लागलं की जीव कासावीस होतो, कुणी ‘पाणी देऊ?’ विचारलं तरी अंगावर येतं. तुझा नवरा तासाहून जास्त वेळ डब्यात चेंगरून येतो, तिथे ओढता येत नाही, उतरल्यावर रिक्षाची रांग. दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या रागातला बराचसा तलफेचा असतो. खाली जाऊन तो ती तलफ भागवतो, राग निवतो असं तुम्हा दोघांना वाटतं. आग लावायची आणि बंबही आपणच घेऊन यायचा, असा सिगारेटीचा धंदा आहे.

सोडली तर हा कायमचा असाच राहील, अशी धास्ती तू दिवाळीत घेतलीस. पहिला आठवडा वाईटच जातो, पण तीन-चार आठवड्यांत ही चिडचिड ओसरते. २०१४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा आढावा आला होता. सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले दिसले. तुझा नवरा नेमक्या त्या वाईट आठवड्याच्या मध्यावर होता, आणि वहिनीसमोर शोभा नको म्हणून तू त्याला टपरीवर धाडलंस. वहिनीला काय, तिच्या घरी कुणी ओरडत नाही?

(तो हात उगारत असेल तर हे उत्तर तुझ्यासाठी नाही. तसं असेल तर मला लगेच लिही.)

तर लायटर आज खुंटीवरून काढ. लपवू नकोस, आदळआपट करून फेकूही नकोस. त्याच्या हातात दे आणि सांग, ‘हा तुझा तू सांभाळ. यापुढे मी तुला खाली पाठवणार नाही.’ सोडायची की नाही ते तो ठरवेल. पाकिटावर सोडण्यासाठीचा टोल-फ्री नंबर २०१८ पासून छापलेला असतो, १८००-११-२३५६. तो त्यानेच लावायचा, तू लावून त्याच्या कानाला धरायचा नाही. मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मिळतं, तेही त्यानेच आणायचं. तो ओरडला तर तूही ओरड, हरकत नाही. फक्त ‘जाऊन ये खाली’ हे तुझ्या तोंडून पुन्हा नको.

आणि ते जे पत्रात आलंच नाही, ते त्याच्याशी बोल. आल्या आल्या दारात नको. जेवून ताटं उचलली की.